संभाजीनगरात एका रात्रीपुरतं हॉटेल कुठं बघावं

दादा, हॉटेलच्या आधी वार बघा. तुम्ही लिहिलंय की सोमवारी रात्री उशिरा सेलूहून गाडीनं पोचणार, सोबत मिसेस, आई आणि आठ वर्षांचा मुलगा, एक रात्र झोपायचं, मंगळवारी दिवसभर वेरूळ आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, आणि हॉटेल "एकदम सेंटरला" पाहिजे, बजेट दोन हजारापर्यंत. बाकी सगळं जमतंय, पण वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतेत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे दोन वार लोक इतके उलटसुलट करतेत की विचारू नका, गेटवर येऊन परत जाणारे दर मंगळवारी दिसतेत. घृष्णेश्वराचं मंदिर चालू असतं, देवगिरी किल्ला चालू असतो, पण तुमच्या मुलाला कैलास लेणं दाखवायचंय म्हणताय तर तो एक दिवस पुढं-मागं करा. रविवारी मुक्काम करून सोमवारी बघा नाहीतर मंगळवारी येऊन बुधवारी बघा. श्रावण असेल तर सोमवार पण नको, घृष्णेश्वर ज्योतिर्लिंग आहे, श्रावणी सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे बुधवारच बरा.

आता हॉटेल. वर बऱ्याच जणांनी सिडको सांगितलंय, कुणी क्रांती चौक सांगितलंय, कुणी गुलमंडी सांगितलंय आणि प्रत्येकानं "हेच सेंटर" असं लिहिलंय. सगळे आपापल्या घराजवळचं सांगायलेत, त्यात त्यांची चूक नाही, कारण ह्या शहराला एक असं सेंटर राहिलेलंच नाही. जुन्या लोकांचं शहर म्हणजे गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, पैठण गेट. सिडको-हडकोतल्या माणसाला सगळं टीव्ही सेंटर नाहीतर सिडको बसस्टँडजवळच मिळतं, तो महिना महिना गुलमंडीला जात नाही. आणि स्टेशन पार दक्षिणेच्या टोकाला, विमानतळ पूर्वेला चिकलठाण्याला. मधून जालना रोड, ज्याच्यावर बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको अशी ओळीनं ठिकाणं येतेत आणि संध्याकाळी सहा ते नऊ ह्या रोडवर पूल असून नसल्यासारखे होतेत.

म्हणून एका रात्रीच्या मुक्कामाला मी तरी नकाशाचा मध्य बघत नाही, दोनच गोष्टी बघतो. रात्री उतरणार कुठं आणि सकाळी निघणार कुठल्या दिशेनं. तुम्हाला शहर फिरायचं नाही, झोपायचंय. अजिंठ्याला जाणारा माणूस हर्सूलवरून फुलंब्री-सिल्लोडच्या रस्त्यानं निघतो, त्यानं सिडको किंवा टीव्ही सेंटरकडं रूम घेतली तर सकाळचा अर्धा तास वाचतो. हायकोर्टाच्या खंडपीठात तारीख असलेल्या माणसानं (आपल्या मराठवाड्यातले निम्मे लोक त्याच्यासाठीच तर इथं येतेत, १९८१ पासून) जालना रोडवर सेव्हन हिल्स, आकाशवाणीकडं राहावं. घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पेशंट ॲडमिट असेल तर मिल कॉर्नर, मध्यवर्ती बसस्टँड ह्या बाजूला. वाळूजला कंपनीत मुलाखत असेल तर स्टेशन किंवा नगर नाका. पण वेरूळ पडतं पश्चिमेला, रस्ता नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद असा, साधारण तीस किलोमीटर. तुम्ही उतरणार स्टेशनवर. सिडको स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर उलट्या दिशेला. रात्री दमलेली आई आणि झोपेत आलेलं लेकरू घेऊन तिकडं जायचं, सकाळी तेवढंच परत यायचं, संध्याकाळी परत स्टेशन. कशासाठी?

तुम्हाला सोयीचा पट्टा म्हणजे स्टेशन रोड, बन्सीलाल नगर, पदमपुरा, तिथून बाबा पंप आणि मध्यवर्ती बसस्टँड-समर्थनगरपर्यंत. फार तर क्रांती चौक, उस्मानपुरा. हे सगळं स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत येतं, रात्री बारा वाजता पण रिक्षा मिळते, आणि वेरूळला जायला एसटी धरायची तर ती मध्यवर्तीवरूनच सुटते. कन्नड-चाळीसगावकडच्या बऱ्याच गाड्या वेरूळवरून जातेत, कंडक्टरला विचारून बसा. पण चौघं असाल आणि आईचा गुडघ्याचा त्रास आहे म्हणालात, तर दिवसभराची गाडीच करा, हॉटेलवाला करून देतो पण त्याच्या आधी बाहेर एक-दोन ठिकाणी रेट विचारून ठेवा.

ह्या पट्ट्यात सुद्धा सगळीच हॉटेलं फॅमिलीला चालतील असं नाही. स्टेशनच्या अगदी समोर काही लॉज असे आहेत की खाली परमिट रूम आणि वर रूमा. एकट्या माणसाला चालून जातं, बायका-पोरं सोबत असताना जिन्यात त्या वासातनं जायला नको वाटतं आणि रात्री एकपर्यंत खालचा आवाज. फोनवर सरळ विचारा, खाली बार आहे का. जो "नाही, प्युअर फॅमिली आहे" असं पटकन सांगतो तो बरा, जो "तसं काही नाही साहेब, तुम्ही या तर" म्हणतो तिथं जाऊ नका. दुसरं, रूम रोडसाईडची नको, मागची मागा. स्टेशन रोडला आणि जालना रोडला रात्रभर ट्रॅव्हल्सवाल्यांचे हॉर्न चालू असतेत, खिडकीतून शहर दिसण्याची हौस एका रात्रीत कुणाला आहे.

आईसाठी लिफ्ट आहे का ते विचारालच, पण त्याच्या पुढचं विचारा, लाईट गेल्यावर लिफ्ट चालती का. बऱ्याच छोट्या हॉटेलात इन्व्हर्टर असतो, त्याच्यावर दिवे आणि पंखे चालतेत, लिफ्ट आणि एसी नाही. उन्हाळ्यात किंवा पहिल्या पावसात लाईट गेली आणि रूम तिसऱ्या मजल्यावर, की झालं. त्याच्यापेक्षा पहिल्या मजल्याची रूम मागून घ्या, फोनवरच, आणि संडास वेस्टर्न आहे का तेही त्याच फोनवर. आपल्याकडच्या जुन्या लॉजमध्ये अजून निम्म्या रूमला इंडियन असतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाचे तिथं हाल होतेत. फोटोत हे दिसत नाही, फोटोत फक्त पलंग आणि पडदे.

पाण्याचं तर बोलायलाच नको. जायकवाडी एवढं जवळ असून शहरात नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांच्या अंतरानं येतं, हॉटेलं टँकरवर चालतेत. त्यामुळं कमी भाड्याच्या ठिकाणी गरम पाण्याला टाइम ठरलेला असतो, सकाळी सहा ते नऊ वगैरे. तुम्हाला उन्हाच्या आधी वेरूळ गाठायचं म्हणजे साडेपाचलाच आंघोळी पाहिजेत. तर रूममध्ये गिझर आहे का सोलरचं सामाईक पाणी आहे ते विचारून घ्या. सोलरचं असेल तर पहाटे कोमट येतं आणि थंडीत तेही येत नाही.

चेक-आऊटवरून सगळ्यात जास्त भांडणं होतेत. मोठ्या हॉटेलांचं दुपारी बारा म्हणजे बारा. रात्री अकराला तुम्ही गेलात आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडलं तरी पूर्ण दिवसाचं भाडं. आपल्याकडं बऱ्याच लॉजमध्ये अजून चोवीस तासांची पद्धत आहे, म्हणजे रात्री अकराला गेलात तर दुसऱ्या रात्री अकरापर्यंत रूम तुमची. तुमच्यासारख्याला हीच पद्धत सोन्यासारखी, कारण वेरूळ करून चारला आलात तर आई दोन तास आडवी होईल, लेकरू आंघोळ करेल, मग निवांत गाडीला जा. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर दोनशे-तीनशे जास्त देऊन सुद्धा चोवीस तासवालं घेतलं असतं, बाकी सगळं थोडं डावं-उजवं असलं तरी. पण हे फोनवर ठरवून, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, कारण ॲपवरून बुकिंग केलं की तिथं बाराचंच लागू होतं आणि मॅनेजर हात वर करतो. बाराचंच मिळालं तर निदान चेक-आऊटनंतर बॅगा रिसेप्शनला ठेवू देतात का ते पक्कं करा. स्टेशनला क्लोकरूम असती पण तिथं बॅगला कुलूप लागतं.

ॲपवर रेट बघा, पण बुकिंग करण्याआधी हॉटेलला डायरेक्ट फोन लावा. एक तर रेट बहुतेक वेळा थोडा खाली येतो, दुसरं म्हणजे ते हॉटेल अजून त्याच नावानं चालू आहे का ते कळतं. एका ॲपवरून बुक करून रात्री गेलो आणि "आमचा त्या कंपनीशी करार संपला" असं काऊंटरवर ऐकलेले आमच्या ओळखीतले लोक आहेत, रात्री अकरा वाजता कुणाशी भांडणार. शोधताना शहराचं जुनं नाव, औरंगाबाद, टाकून पण शोधा, काही ॲपवर अजून हॉटेलं दोन्ही नावांत वाटली गेलेली आहेत आणि निम्मी यादी दिसतच नाही. रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका, नवे रिव्ह्यू आधी लावा आणि त्यात पाणी, ढेकूण, आवाज, लिफ्ट असे शब्द शोधा. मालकाच्या नातेवाइकांनी दिलेले पाच स्टार ओळखू येतात, सगळे एकाच आठवड्यातले असतात आणि सगळ्यात "नाईस" एवढंच असतं.

भाडं सांगताना टॅक्स धरून सांगताय का तेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या रूमला जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. कुणी अजून बारा लावत असेल तर बिल मागा, बोलणं लगेच बदलतं. चौघांना एक रूम आणि एक एक्स्ट्रा गादी दोन हजारात बसायला हरकत नाही, पण लग्नाची दाट तिथ असली किंवा शहरात कुठली भरतीची नाहीतर स्पर्धा परीक्षेची मोठी परीक्षा असली की स्टेशनजवळचं सगळं आदल्या रात्री फुल होतं, आणि परीक्षेला आलेली पोरं एका रूममध्ये सहा-सहा. तसा वार असेल तर आठ दिवस आधी फोन करून थोडे पैसे पाठवून ठेवा. चौघातल्या मोठ्या सगळ्यांचं ओळखपत्र लागतं, एकाचं चालत नाही, आईचं आधार घरी विसरू नका.

कुणीतरी वर रेल्वेची रिटायरिंग रूम सांगितली ती कल्पना वाईट नाही. तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होती, बारा किंवा चोवीस तासांसाठी, स्टेशनमध्येच असल्यामुळं रिक्षाचा प्रश्न नाही. पण रूमा थोड्या, मिळतीलच असं नाही, आणि गाड्यांच्या अनाउन्समेंट रात्रभर. आईची झोप हलकी असेल तर नको. आणि वेरूळलाच राहा असं जे म्हणायलेत त्यांनी तुमचा टाइम बघितलेला नाही. दिवसा पोचणाऱ्याला वेरूळचा मुक्काम उत्तम, संध्याकाळी लोक गेल्यावर तिथं फार छान वाटतं, पण रात्री अकरानंतर स्टेशनवरून तीस किलोमीटर घाटातनं, गाडीवाला सांगेल तो दर, ते कशाला.

सकाळी सहा-साडेसहाला निघा. दौलताबादला रस्ता जुन्या दरवाजातून जातो, तिथं एका वेळी एकच मोठी गाडी निघती आणि नऊनंतर दोन्हीकडून बसा अडकल्या की अर्धा तास जातो. श्रावणात शुक्रवारी रात्री खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी हा सगळा रस्ता भरलेला असतो, शनिवारी तिकडं गाडी घालूच नका. वेरूळला पोचल्यावर आधी घृष्णेश्वराचं दर्शन उरका, सकाळी रांग कमी असती, गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं, तर मुलाला तसं आधीच सांगून ठेवा नाहीतर तो तिथं लाजून रडतो. मग लेण्या. चौतीस आहेत, सगळ्या बघायच्या नादाला लागू नका. सोळा नंबर, म्हणजे कैलास, गेटच्या समोरच आहे, आईला तेवढं दाखवून सावलीत बसवा आणि तुम्ही मुलाला घेऊन दहा नंबरचा चैत्य बघून या. तिकीट चाळीस रुपये, पंधराच्या आतल्या मुलाला नाही. दोन वाजता परत फिरलात तर वाटेत बीबी का मकबरा होतो, नाही झाला तरी चालेल.

रात्री पोचल्यावर जेवणाचं मात्र गाडीतच उरकून या. स्टेशन रोडला उशिरापर्यंत चालू असतं पण तेव्हा जे मिळतं ते आईला आवडणारं नसतं. दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ असला आणि तुम्ही नॉनव्हेज खात असाल तर नान-खलिया खाऊन जा, जुन्या शहराच्या बाजूला मिळतो, सेलू-परभणीला तसा मिळत नाही. तारीख पक्की झाली की इथंच टाका, त्या दिवशी लग्नाची तिथ आहे का ते मी बघून सांगतो.