बडोद्यात समितीच्या शाळेने गोळा केलेल्या वर्गणीचा हिशेब कुणाला आणि कसा विचारायचा?

तुम्ही लिहिले आहे की मुलगी महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकते. स्मार्ट क्लास आणि वाचनालयासाठी शाळेने पालक, माजी विद्यार्थी आणि आजूबाजूच्या दुकानदारांकडून वर्गणी घेतली. काहींना पावती मिळाली, काहींनी क्यूआर कोडवर पैसे पाठवले. आता आचार्य (मुख्याध्यापक) म्हणतात हिशेब समितीकडे आहे, आणि समितीच्या कचेरीत सांगतात की तो शाळेचा मामला आहे. पैसे खाल्ले असा तुमचा आरोप नाही, देखरेख कुणी केली एवढेच तुम्हाला हवे आहे. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर कागदावर मिळू शकते.

सुरुवात 'पैसे कुठे गेले?' अशी करू नका. 'सगळे मुलांसाठीच खर्च झाले' हे तोंडी उत्तर तयार असते, आणि प्रश्नातच संशय असल्यामुळे समोरचा माणूस पहिल्या मिनिटाला दार लावून घेतो. मागायचे ते कागद. वर्गणीचा प्रत्येक रुपया पाच ठिकाणी दिसला पाहिजे: पावतीच्या स्थळप्रतीवर (पुस्तकात उरणाऱ्या प्रतीवर), बँकेच्या पासबुकात, खर्चाच्या ठरावात, दुकानदाराच्या बिलात आणि डेडस्टॉक रजिस्टरात (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत). वस्तू घेतली, पण रजिस्टरात नाही. बिल आहे, पण ठराव नाही. पावती आहे, पण भरणा नाही. गडबड असेल तर ती या सांध्यांतच सापडते. नसेल तर आचार्यांचे नावही याच कागदांनी स्वच्छ राहते, हे त्यांना आधीच सांगा.

आता 'शाळेचा मामला' या उत्तराबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती, म्हणजे आपली एसएमसी, असावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून 'किंवा इतर कोणत्याही मार्गाने' आलेल्या पैशाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे तिचे काम त्याच कलमात लिहिले आहे. 'इतर मार्ग' या शब्दांत तुमची वर्गणी सरळ बसते. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पुढची पायरीही आहे: एसएमसीकडे आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा, दरवर्षी तपासणीला द्यायचा, आणि अध्यक्ष व निमंत्रक यांच्या सहीचा हिशेब तयार झाल्यापासून महिन्याभरात स्थानिक संस्थेकडे द्यायचा. गुजरातचे स्वतःचे नियम २०१२ चे आहेत. म्हणून अर्जात फक्त कायद्याचे कलम २१ लिहा आणि 'या शाळेचा हिशेब कोणत्या नियमाने किंवा परिपत्रकाने, कोणत्या तारखेला, कुणी तपासला' हे नगर प्राथमिक शिक्षण समितीलाच सांगू द्या. तपासलाच नसेल तर तेही लेखी येईल. माझ्या मते तुमच्या मूळ प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे.

अर्जाआधी घरची तयारी करा. दहा-बारा पालकांकडून पावत्यांचे फोटो आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट गोळा करा. स्क्रीनशॉटवर पैसे कुणाच्या नावावर गेले ते नाव आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे. नाव शाळेचे किंवा एसएमसीचे असेल तर पुढे सोपे आहे. एखाद्या व्यक्तीचे असेल तर लगेच चोरी समजू नका. शाळेच्या खात्याला यूपीआय जोडलेले नसते, कार्यक्रम तोंडावर असतो, आणि कुणीतरी शिक्षक आपलाच क्यूआर पुढे करतो. पण त्याचा परिणाम असा होतो की शाळेच्या पासबुकात तुमचे पाचशे रुपये पाचशे म्हणून दिसत नाहीत. ते नंतर एकाच ठोक रकमेत येतात, किंवा येत नाहीत. अशा वेळी त्या ठोक भरण्याची तारीख, रक्कम आणि त्यासोबत दिलेली देणगीदारांची यादी मागायची.

पावती पुस्तकांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एक उदाहरण धरू. पन्नास पानांची तीन पुस्तके म्हणजे १५० पावत्या. त्यांतल्या ११८ फाडल्या, ४ रद्द केल्या, २८ कोऱ्या उरल्या: बेरीज १५० झाली, ठीक. रद्द पावतीची मूळ प्रत पुस्तकातच जोडलेली हवी. मूळ प्रत गायब आणि स्थळप्रतीवर 'रद्द' असा शेरा असेल, तर ती पावती कुणाच्या तरी घरी असू शकते. मग फाडलेल्या पावत्यांची बेरीज करा, समजा ७२,४०० रुपये. पासबुकात रोख भरणा ४१,००० आणि यूपीआय २७,९००, एकूण ६८,९००. फरक ३,५०० रुपयांचा. या फरकाला सरळ कारणे असू शकतात: कुणी कपाट दिले आणि त्याच्या किमतीची पावती घेतली, एखादा चेक परत आला, किंवा त्या तारखेला तेवढी रोकड हातात होती. पण प्रत्येक कारणाचा कागद असतो. कपाटाची नोंद डेडस्टॉकमध्ये, परत आलेल्या चेकचा बँकेचा मेमो, हातातल्या रोकडीची शिल्लक रोजमेळात (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत). कारण तोंडी आणि कागद नाही, असे असेल तर तेवढा मुद्दा टिपून ठेवा.

स्थळप्रत हातात घेऊन पाहणे का महत्त्वाचे, तेही सांगतो. कार्बनने उमटलेल्या अक्षराला निळा किंवा काळा, किंचित पसरट ठसा असतो. त्याऐवजी तिथे पेनाची थेट शाई दिसली, तर मूळ पावती एका रकमेची आणि स्थळप्रत दुसऱ्या रकमेची असण्याची शक्यता तपासायला हवी. पालकांच्या फोटोंशी क्रमांकाने ताडून पाहा. झेरॉक्समध्ये हा फरक कळत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र वेगळीच असते आणि ती भल्या माणसांकडूनही होते: आलेली रोख बँकेत न भरता परस्पर खर्च करणे. आठ हजार जमले, त्यातून सुताराला पाच हजार दिले, उरलेले तीन हजार भरले. आता पासबुकात तीनच हजारांची जमा दिसते, सुताराचा खर्च बँकेत कुठेच नाही, आणि सुताराने बिल दिले नसेल तर ते पाच हजार सिद्ध करायला कुणाकडे काहीच उरत नाही. म्हणून जमा झालेली सगळी रक्कम आधी खात्यात आणि खर्च खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन, हा नियम धरायचा. पुढच्या मोहिमेआधी एसएमसीच्या ठरावात तो लिहून घ्या.

बिले पाहताना दुकानाचा जीएसटी क्रमांक तपासा. तो पंधरा अक्षरांचा असतो, गुजरातच्या दुकानाचा २४ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता टाकला तरी मालकाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द हे दिसते. एकाच दुकानाची, एकाच दिवसाची, लागोपाठ क्रमांकांची तीन-चार छोटी बिले दिसली तर दरपत्रके मागवावी लागू नयेत म्हणून खरेदी तोडली का, हे विचारा. स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर, संगणक यांच्या मागे अनुक्रमांक असतो. तो बिलावर, वॉरंटी कार्डावर आणि डेडस्टॉक रजिस्टरात एकच हवा. पुस्तकांचे तसेच: दोनशे पुस्तकांचे बिल असेल तर दाखल नोंदवहीत दोनशे क्रमांक पडलेले हवेत.

हे कागद मिळवायचे कसे? आधी आचार्यांना आणि एसएमसीच्या अध्यक्षांना पाच-सात पालकांच्या सहीचे पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि पुढच्या बैठकीत हिशेब ठेवण्याची विनंती करा. पंधरा दिवस वाट पाहा. कित्येकदा काम इथेच होते.

नाही झाले तर माहिती अधिकार. इथे आपल्या मराठी मंडळींची एक अडचण होते: अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करण्याचा हक्क कायदा देतो. बडोद्यात मराठीत लिहिलेला अर्ज परत येऊ शकतो, म्हणून गुजराती किंवा हिंदीत लिहा. फी २० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये. शिक्षण समितीच्या जाहीर माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या. चुकीच्या कचेरीत पडला तरी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

अर्जात 'का' आणि 'योग्य आहे का' असे प्रश्न नकोत. ते मत झाले, रेकॉर्ड नव्हे. असे लिहा: अमुक शाळेला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वर्गणी गोळा करण्यास दिलेल्या परवानगीची प्रत, दिलेल्या पावती पुस्तकांचे अनुक्रमांक आणि परत जमा झाल्याची नोंद, एसएमसीच्या संबंधित ठरावांच्या प्रती, त्या काळाचे बँक स्टेटमेंट आणि रोजमेळ, बिले, व्हाउचर आणि दरपत्रके, डेडस्टॉकची संबंधित पाने, या रकमेबाबत झालेल्या ऑडिटचे शेरे आणि त्यांवरचे खुलासे. शेवटी मूळ रेकॉर्ड प्रत्यक्ष पाहण्याची मागणी जरूर घाला. कायद्याने तो तुमचा हक्क आहे, आणि स्थळप्रती तशाच पाहायच्या असतात. देणगीदारांची नावे आणि फोन मात्र मागू नका. खाजगी माहिती म्हणून सगळाच अर्ज अडवायला ते निमित्त होते. पावती क्रमांक, तारीख आणि रक्कम पुरेशी आहे; नावे झाकून प्रती देता येतात.

उत्तराला ३० दिवस. त्यानंतर दिलेल्या प्रती मोफत मिळतात. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर ३० दिवसांत पहिले अपील, आणि तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत गांधीनगरला गुजरात माहिती आयोगाकडे दुसरे. मुलीला त्रास होईल अशी भीती वाटत असेल तर अर्ज मामा, काका किंवा शेजाऱ्यांनी केला तरी चालतो. अर्जदार भारताचा नागरिक असला की झाले, कारण विचारता येत नाही.

प्रवेशाच्या वेळी सक्तीने पैसे घेतले असतील तर मात्र ती वर्गणी नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ते कॅपिटेशन (प्रवेशासाठी उकळलेली देणगी) ठरू शकते, आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत आहे. आणि कुणाची शाळा समितीची नसून ट्रस्टची असेल तर रस्ता चॅरिटी कमिशनरच्या कचेरीतून जातो. तिथे ट्रस्टचा नोंदणी क्रमांक देऊन ऑडिट झालेला ताळेबंद आणि जमाखर्च मागायचा.

कागद हाती आल्यावर एका पानाचा तक्ता करा: पावती, भरणा, ठराव, बिल, नोंद, आणि जिथे जुळत नाही तिथे रकमेसह खूण. तो जोडून शिक्षण समितीच्या शासनाधिकाऱ्यांना (प्रशासकीय अधिकाऱ्यांना) पत्र द्या, त्याची प्रत महापालिका आयुक्तांना. मागणी तीनच ओळींची ठेवा: या वर्गणीचे लोकल फंडकडून (स्थानिक संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून) खास ऑडिट व्हावे, ते होईपर्यंत नवी पावती पुस्तके देऊ नयेत, आणि समितीच्या सर्व शाळांमधल्या लोकवर्गणीचा वार्षिक हिशेब शाळेच्या फलकावर लावावा. खोटे बिल किंवा बनावट सही स्पष्ट दिसत असेल तरच लाचलुचपत विरोधी ब्युरोकडे जा; त्यांचा टोल-फ्री क्रमांक १०६४. पत्राच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पुढच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक लिहावा लागेल.