हिशोब पैशाचा, मुलीचा नव्हे

चिरंजीव,

अस्सलामु अलैकुम.

तुझे पत्र मिळाले आणि सोबतचा तक्ताही. बावीस विद्यार्थ्यांची नावे, प्रत्येकापुढे दात्याचे नाव, भरलेली फी, मिळालेले गुण, आणि नापास झालेल्यांच्या ओळी लाल रंगात. खेडजवळच्या वाडीतली ती मुलगी पदविकेच्या पहिल्याच सत्रात गणित आणि भौतिकशास्त्र या दोन विषयांत राहिली, दीड महिना तुझा फोन उचलत नाही, कुवेतचे दाते गुणपत्रिका मागत आहेत, तेव्हा तिची मदत थांबवून दुसऱ्या गरजू मुलाकडे वळवावी काय, असे तू विचारतोस. हा प्रश्न तुला छळतो, कारण तू मनाचा चांगला आहेस, हे मी जाणतो. पण तो लाल रंग पाहून मला राग आला, तोही लपवत नाही. बेटा, हिशोब पैशाचा घ्यावा, मुलीचा घेऊ नये.

ती फोन का उचलत नाही, हे तुला खरोखरच कळले नाही का? मी स्वतः जमातीच्या, म्हणजे आपल्या मुस्लिम समाजाच्या, पैशांवर शिकलो. वार्षिक सभेत नाव पुकारले जाई, मग मंचावर जाऊन वह्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी घ्यायचा आणि छायाचित्र निघेपर्यंत तो तसाच धरून उभे राहायचे. अकरावीच्या सहामाहीत मी आपटलो, तेव्हा घरच्यांआधी मला त्या मंचाची आठवण झाली. समितीचे एक वडीलधारे गृहस्थ रस्त्यात दिसले की मी मशिदीमागच्या पाणंदीने घरी जात असे. तुझ्या या मुलीची पाणंद म्हणजे तिने बंद ठेवलेला फोन.

आणि गणितात ती का राहिली? ती दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, हे तुझ्याच तक्त्यात आहे, पण त्या रकान्याचा अर्थ तू लावला नाहीस. तिच्या बालभारतीच्या पुस्तकात त्रिकोणाला मुसल्लस, समीकरणाला मुसावात आणि मुळाला जज़र म्हटले होते. पदविकेच्या वर्गात सगळे इंग्रजीत आले. माझे प्राध्यापक ‘ट्रँगल’ म्हणत, तेव्हा ते फळ्यावर आकृती काढेपर्यंत मी थांबत असे, आणि आकृती आली की हा तर मुसल्लस, असे मनात म्हणेपर्यंत ते दोन पायऱ्या पुढे गेलेले असत. ज्याला गणित येत नाही आणि ज्याला गणिताचे शब्द येत नाहीत, अशा दोघांच्याही गुणपत्रिकेत आकडा सारखाच पडतो.

2011 साली मी शिक्षण समितीचा सचिव होतो आणि एका मुलाची मदत मी बंद केली. केंद्राच्या अल्पसंख्याकांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मागील परीक्षेत 50 टक्के गुणांची अट असे. तोच नियम आम्ही आमच्या वहीत उतरवून घेतला होता आणि तो मला फार न्याय्य वाटे. मुलाला 46 टक्के होते. त्या वर्षी त्याचे वडील होडीवर पाय मोडून घरी बसले होते आणि तो पहाटे बंदरावर बर्फ फोडायला जात होता, हे मला दोन वर्षांनी त्याच्या मामाकडून कळले. तोवर तो मस्कतला गाडी चालवत होता. माझ्यापुढे साठ अर्ज होते आणि पैसे पंचवीस जणांपुरते, हे खरे. कोणाला तरी नाही म्हणावेच लागणार होते, हेही खरे. हे आकडे मी अजूनही लोकांना सांगतो, आणि पुष्कळदा कोणी विचारलेले नसताना सांगतो. त्याच्या घरी एकदा जाऊन यायला मला एस.टी.चे पंचवीस-तीस रुपये लागले असते.

दात्यांचे म्हणशील, तर त्यांचा बहुतेक पैसा जकातीचा आहे. घेणाऱ्याला त्या पैशाचा मालक केल्याशिवाय जकात अदा होत नाही, याला फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्रात, तमलीक म्हणतात. हनफी पंथाचे उलेमा त्यावर विशेष भर देतात, आणि आपण कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असलो तरी मला ती अट मनापासून पटते. पैसा तिचा झाला की उपकार उरत नाही. फी कॉलेजात भरली गेली की नाही, पावती कुठे आहे, हे त्यांनी जरूर विचारावे. आपण पै न् पै दाखवू. मुलीचा हिशोब त्यांनी मागू नये आणि तू देऊ नयेस. 2022-23 पासून केंद्राने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली, संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद केली. असे दरवाजे बंद होत असताना जमातीनेही दारात गुणपत्रिका मागत उभे राहावे, हे मला सहन होत नाही. म्हातारा हट्टी झाला आहे, असे समितीत म्हणतात. म्हणोत.

कुवेतला मी स्वतः लिहितो, त्याची चिंता तू करू नकोस. तू येत्या रविवारी खेडला जा. आधी तिच्या आईशी बोल. गुणांचा विषय तू काढू नकोस, तिने काढला तर ऐक. तिच्या आधारकार्डावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळे असल्याचे तूच लिहिले आहेस. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा, अर्ज त्यापायी अडकू शकतो, तेव्हा ते काम बसल्या बैठकीत हाती घे. उन्हाळी परीक्षेत दोन्ही विषय पुन्हा देता येतील. अकरावीत असताना मी उर्दू शब्दांपुढे इंग्रजी शब्द लिहून एक वही केली होती, ती सोबत पाठवतो आहे. मधली चार पाने वाळवीने खाल्ली आहेत. त्रिकोणमितीचे शब्द तेवढे तुला नव्याने लिहून द्यावे लागतील.

तुझा,
मास्तर