सभागृह नाकारले: हक्काचा भंग कधी ठरतो?

विद्यापीठाने ‘वातावरण बिघडेल’ असे सांगून आपल्या व्याख्यानाला सभागृह नाकारले. हा राज्यघटनेच्या कलम १९ चा, म्हणजे भाषण-अभिव्यक्ती आणि सभेच्या स्वातंत्र्याचा, भंग ठरतो का, असा आपला प्रश्न आहे.

निव्वळ सभागृह मिळाले नाही, एवढ्याने भंग ठरत नाही. रेल्वेच्या आवारातील सभांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच स्पष्ट केले की, भाषणाचा हक्क आहे म्हणून तो मनाला येईल त्या जागेत बजावता येत नाही, मग ती जागा सरकारच्या मालकीची का असेना. त्यामुळे परीक्षेच्या काळात सभागृह बंद ठेवणे किंवा अनामत रक्कम घेणे यात वावगे काही नाही.

खरी मेख नियमाच्या शब्दांत असते. हिम्मतलाल शाह प्रकरणात न्यायालयाने १९७२ मध्ये अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांचा सभाविषयक नियम रद्द केला, कारण परवानगी कोणत्या निकषांवर द्यायची अथवा नाकारायची हे त्यात सांगितलेलेच नव्हते. तो निकाल रस्त्यावरील सभांचा आहे, सभागृहाला तो जसाच्या तसा लागू होणार नाही; परंतु निकषांशिवाय दिलेला अधिकार मनमानीकडे झुकतो, हा त्यातील मुद्दा कलम १४ च्या, म्हणजे समानतेच्या हक्काच्या, आधारे येथेही मांडता येतो. मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या सभागृह-वाटप समितीवर होतो. ‘संस्थेच्या प्रतिमेस बाधक’ या शब्दांखाली आम्ही एक कविसंमेलन नाकारले आणि त्याच महिन्यात एका पुढाऱ्याचा सत्कार होऊ दिला. ही प्रतिमा कोणत्या मापाने मोजायची, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही.

‘वातावरण बिघडेल’ हे कारण तर त्याहून लंगडे आहे. एस. रंगराजन प्रकरणात (१९८९) एका तमिळ चित्रपटाबाबत न्यायालयाने म्हटले होते की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही. बंदोबस्त ठेवणे हे शासनाचे काम आहे. नेमका आणि नजीकचा धोका दाखवता आला तर गोष्ट वेगळी, पण तो कागदावर दाखवावा लागेल.

म्हणून प्रथम कुलसचिवांकडून नकार लेखी आणि कारणासह मागावा. त्याचबरोबर माहिती अधिकाराखाली मागील दोन वर्षांची सभागृह-वाटप नोंदवही मागावी. आपल्यासारख्याच कार्यक्रमांना परवानगी मिळाल्याचे त्यात दिसले, तर भेदभावाचा मुद्दा त्या नोंदींवर उभा राहतो. आपली संस्था विनाअनुदानित खासगी असेल, तर मात्र कलम १९ तिच्याविरुद्ध थेट वापरणे कठीण जाईल. तेथे तिची स्वतःची नियमावलीच आधी तपासावी लागेल.