खेळणं बोलायलंय, मग तुम्ही काय करायलात?

‘आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. इथे टोरांटोत सगळेच शैक्षणिक खेळण्यांवर भरपूर पैसे घालतात. आम्ही लातूरची साधी माणसं, नेमकं काय घ्यावं ते कळत नाही. वाढदिवसाला चौदा खेळणी आली, टॅबलेटवर वर्गणीचं एक ॲपही आहे. ABC लवकर सुरू करू का? सध्या एक बोलणारा रोबो घेतलाय. अक्षरं, रंग, आकडे सगळं म्हणून दाखवतो. मुलगा तासभर त्याच्यापाशी बसतो, आमची कामं उरकतात. मुलगा मात्र अजून मराठी बोलत नाही.’

बाई, शेवटची दोन वाक्यं तुम्ही स्वतःच्या हातानं लागोपाठ लिहिलीत, तरी तुमच्या ध्यानात आलं नाही? आणि लातूरची माणसं साधी कधीपासून झाली? उभ्या महाराष्ट्राला ‘लातूर पॅटर्न’ तुम्हीच दिलात. फक्त तो दहावी-बारावीला असतो, साडेतीन वर्षांच्या वयात नाही.

रागावू नका. ही चूक मी आधीच करून बसले आहे. 2004 साली आम्ही डॅलसला होतो, लेक तीन वर्षांची. तिला एक शेतघर आणलं होतं. दार उघडलं की गाणं, गाय दाबली की ‘मू’. परभणीहून माझी आई आली. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘आपली गाय हंबरती. ही मू काय म्हणायलीय? आन् खेळणंच बोलायलंय, मग तू काय करायलीस?’’ तिनं सेल काढले आणि सरळ कमरेच्या पिशवीत टाकले. लेकीनं अर्धा तास भोकाड पसरलं. मग गाय मुकी झाली म्हणून हंबरायचं काम तिलाच करावं लागलं. संध्याकाळपर्यंत गायीला वासरू झालं, वासराला ताप आला, आजीनं त्याला काढा पाजला. आणि हे सगळं मराठीत, कारण आजीला इंग्रजी येत नव्हतं!

आईचं म्हणणं पुढे 2016 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात वाचलं तेव्हा हसूच आलं. 10 ते 16 महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक, अशा 26 जोड्यांचं घरातलं खेळणं ध्वनिमुद्रित केलं होतं. दिवे लागणारी, गाणारी खेळणी पुढ्यात असली की आईबाप कमी बोलले आणि बाळाच्या आवाजाला उत्तरंही कमी दिली. साधी खेळणी आणि पुस्तकं असली की जास्त. तुमचं लेकरू त्याहून मोठं आहे, हे कबूल. पण त्याच्याशी मराठी बोलणारी टोरांटोत तुम्ही दोघंच. तुमचीच जागा रोबोनं घेतली तर मराठी येणार कुठून? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनंही 2018 साली डॉक्टरांना हेच सांगितलं: खेळण्यावर ‘शैक्षणिक’ छापलंय म्हणून भुलू नका, मोठ्या माणसाची सोबत महत्त्वाची.

मग घ्यायचं काय? काहीच विकत घेऊ नका. दिवाळीला लातूरला येताय ना? सासूबाईंच्या माळ्यावर नाहीतर कोठीत धान्य मोजायची जुनी मापं, चिपटं, मापटं आणि शेर, पडलेली असतील. तेवढी घेऊन जा. माझ्या आईनं आमच्याकडे आणली होती. स्वयंपाकघरात जुनं लुगडं अंथरायचं, मधे परात, परातीत तांदूळ. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर. लेक चिपट्यानं शेर भरायची आणि चौथ्या चिपट्याला ओरडायची, ‘‘भरला!’’ खरी मजा पुढे. शीग ठेवायची की वरून हात फिरवून सपाट करायचं, यावरून आजी-नातीचं रोज भांडण. आजी म्हणायची, देताना शीग द्यावी. लेक म्हणायची, मग चार चिपट्यांत शेर कसा होईल? शीग, उणं, गच्च, सांडलं, हे शब्द तिला कुणी तक्ता लावून शिकवले नाहीत.

तुमच्या तिकडच्या माँटेसरीतही लेकरांना धान्यच ओतायला देतात, फी घेऊन. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या बालवाड्या पानं, बिया, काड्या, खडे यांवर चालवल्या. गरिबी होती म्हणून तसं केलं असं कुणी म्हणेल, पण त्या वस्तू मुक्या असतात आणि लेकराला बोलतं करतात, हा भाग कुणी सांगत नाही.

आता बाकीचं. टॅबलेटवरचं ते वर्गणीचं ॲप बंद करा, त्यावर मी आणखी लिहिणार नाही. ABC लवकर सुरू करू का, असंही विचारलंत. शाळा शिकवेल. वाढदिवसाला आलेली चौदा खेळणी कपाटात ठेवा, चार बाहेर, महिन्यानं बदला. रोबो फेकू नका, सेल काढा. गोल चपटे सेल असले तर ते लेकराच्या हाती अजिबात लागू देऊ नका. घशात अडकले तर दोन तासांत आतून भाजतं. आणि परातीपाशी बसून राहा. आमच्या भाच्यानं हरभरा नाकात घातला होता. तो आत फुगला, रात्री दवाखाना गाठावा लागला. म्हणून तांदूळच बरा, आणि तोही तुम्ही समोर असताना.

मापं रिकामी न्या, धान्य तिकडचंच घ्या. बियाणं-धान्य सामानात निघालं की विमानतळावर चौकशी लागते. पुढे एकदा भारतातून परतताना आमच्या आईची पितळी मापं तिथल्या माणसानं बाहेर काढून उलटसुलट पाहिली आणि हे काय, म्हणून विचारलं. मला इंग्रजी शब्द सुचेना. लेकीनं पुढे होऊन रिकाम्या चिपट्यानं शेर भरल्यासारखा करून दाखवला, आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, ‘‘चार!’’