प्रदर्शनाच्या प्रवेशासाठी आधारची प्रत द्यावी का?

प्रश्न : माझा सांगलीत यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. गोरेगावच्या एका औद्योगिक प्रदर्शनाची नावनोंदणी करताना आधार कार्डाच्या दोन्ही बाजू अपलोड करणे सक्तीचे होते. प्रदर्शनानंतर अनोळखी कंपन्यांचे फोनही सुरू झाले. आयोजकांना असे करता येते का?
– एक उद्योजक, सांगली

उत्तर : बिल्ला ज्याच्या नावाचा आहे तोच आत येत आहे ना, हे पाहण्याचा आयोजकांचा आग्रह रास्त आहे, पण दारावर ओळखपत्र पाहून लगेच परत दिले तरी ते काम भागते, त्यासाठी प्रत साठवण्याची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ओळख पटवण्यासाठी आधार वापरण्याची मुभा देणारे आधार कायद्याचे कलम ५७ खासगी संस्थांपुरते रद्द केले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ८अ नुसार, आधारची ऑफलाइन पडताळणी (मध्यवर्ती नोंदींशी न जोडता केलेली ओळखतपासणी) करणाऱ्या संस्थेने तुमची संमती घेतली पाहिजे आणि आधार क्रमांक साठवता कामा नये. म्हणून वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालेल का, हे आयोजकांना ईमेलने, लेखीच विचारावे. आधारच द्यायची वेळ आली, तर आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ काढून द्यावे. त्यावरही पत्ता असतोच, आणि दारावरच्या माणसाला आपल्या घरच्या पत्त्याशी काय कर्तव्य, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

फोन बहुधा बिल्ल्यावरच्या क्यूआर कोडमुळे आले असावेत. स्टॉलवरचा प्रतिनिधी बोलता बोलता गळ्यातला बिल्ला मोबाइलने स्कॅन करतो आणि नोंदणीत भरलेले नाव, हुद्दा, फोन नंबर थेट त्याच्या यादीत जातात; पुष्कळांना याची कल्पनाही नसते. ज्यांच्याशी खरोखर व्यवहार करायचा आहे त्यांनाच कोड स्कॅन करू द्यावा, इतरांना फक्त कंपनीचा नंबर असलेले कार्ड द्यावे.

आता आयोजकांना पत्र लिहून आधारची प्रत पुसण्याची आणि आपली माहिती कोणाकोणाला दिली ते कळवण्याची मागणी करावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमती व माहिती पुसण्याच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात; तोवर पत्राची पोच जपून ठेवावी.