वाचकांचे प्रश्न : अवकाशातल्या बातम्या आणि विज्ञानकथा

प्रश्न : गेली दोन वर्षे मी अवकाशविषयक बातम्यांची कात्रणे जमवते आहे. चांद्रयान, लघुग्रह, दूरचे ग्रह अशा तीन फायली भरल्या आहेत. मात्र त्यांवरून विज्ञानकथा लिहायला बसले की दुसऱ्या पानावर तिचा लेख होतो आणि पात्रे एकमेकांना माहिती सांगू लागतात. बातमीतून कथा नेमकी कशी काढावी?
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : आपण बातमीचा मथळाच कथेत आणत असाव्यात, म्हणून तो समजावून सांगण्याचे काम पात्रांवर येते. कथेचे बीज बहुधा मथळ्यात नसते. बातमीतल्या एखाद्या आकड्यामुळे कुणाला तरी काही ठरवणे भाग पडते, तिथे ते सापडते. एकच उदाहरण सविस्तर घेतो.

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील एका दुर्बिणीतून एक लघुग्रह आढळला. त्याला २०२४ वायआर४ असे नाव मिळाले. त्याचा आकार ४० ते ९० मीटर असावा आणि २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता आहे, असे गणित निघाले. जानेवारीच्या अखेरीस ही शक्यता एक टक्क्याच्या वर गेली, १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांवर पोहोचली आणि पुढच्या काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. मधल्या काळात लघुग्रहाने मार्ग बदलला होता, असे मुळीच नाही. सुरुवातीच्या थोड्या निरीक्षणांवरून तो त्या दिवशी कुठे असेल याचा पट्टा फार लांबलचक निघतो. निरीक्षणे वाढतील तसा तो पट्टा आखडत जातो, आणि जोवर पृथ्वी त्याच्या आत आहे तोवर आखडत्या पट्ट्यातला तिचा वाटा वाढतच राहतो. पट्ट्याची कड पृथ्वीला मागे टाकून पुढे सरकली की आकडा एकदम कोसळतो. खगोलशास्त्रज्ञांना ही चढउतार ओळखीची असते, पण रोज सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्याला मात्र संकट दिवसेंदिवस जवळ येत असल्यासारखे वाटते. या दोन वाचनांमधले अंतर मला त्या लघुग्रहापेक्षाही कथेसाठी मोलाचे वाटते.

आता मुंबईकडे येऊ. संभाव्य आघाताचा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. हे वाचल्यावर कोसळत्या इमारती आणि सैरावैरा धावणारी गर्दी लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे ठाम मत आहे, कारण ते दृश्य कोणत्याही शहरात बसवता येते. त्याऐवजी असे समजा, की दादरच्या एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरतो आहे आणि नव्या घरांचा ताबा २०३२ च्या अखेरीस मिळणार आहे. करारावर सह्या करण्यासाठी बोलावलेली सभा नेमकी आकडा तीनच्या पुढे गेलेल्या आठवड्यात भरते. चाळीस वर्षे त्या इमारतीत राहिलेले एक आजोबा खगोलशास्त्र शिकणाऱ्या आपल्या नातीला सर्वांसमक्ष विचारतात, ‘सही करू का?’ आकडा खाली येईल असे तिला वाटते, पण येईलच असे ती म्हणू शकत नाही. आजोबांना शब्द हवा आहे आणि तिच्याजवळ फक्त शक्यता आहे. या सभेत पट्ट्याचे गणित कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. ते नातीच्या अडखळण्यातच येईल.

प्रश्न : ज्या बातमीवर कथा लिहिली तीच पुढे खोटी ठरली, तर कथा बाद होते का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : कथा दाव्याच्या खरेपणावर उभी असेल तर होते, दावा करणाऱ्यांवर आणि तो तपासणाऱ्यांवर उभी असेल तर होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांच्या आधारे, १२४ प्रकाशवर्षांवरील के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसत असल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जो समुद्राचा वास येतो, त्यात त्याचाही वाटा आहे. इतर संशोधकांनी तीच निरीक्षणे तपासून शंका उपस्थित केल्या. आपल्या कथेत ती शंका काढणारी व्यक्ती नायिका असू द्या.

प्रश्न : मी नववीत शिकते. मला आपल्या भारतीय मोहिमांवर कथा लिहायची आहे. कुठून सुरुवात करू?
— एक विद्यार्थिनी, गिरगाव

उत्तर : दोन छोट्या बातम्या शेजारी ठेवून बघ. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले आणि विक्रम या त्याच्या लँडरवरच्या एका उपकरणाने तिथल्या जमिनीत काडी खुपसून तापमान मोजले. पृष्ठभागावर पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास असलेले तापमान अवघ्या ८ सेंटिमीटरवर, म्हणजे जेमतेम चार बोटे खाली, शून्याखाली १० अंशांपर्यंत उतरले होते. चंद्रावरची माती उष्णता आत जाऊ देत नाही, तशी ती आतून बाहेरही सहजी जाऊ देत नाही. म्हणून पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांएवढ्या लांब रात्री पृष्ठभाग शून्याखाली शंभर अंशांच्याही खूप खाली जातो, पण खोलवरच्या थरांत तेवढा फरक पडत नाही. दुसरी बातमी चवळीची. ३० डिसेंबर २०२४ रोजी सुटलेल्या पीएसएलव्ही या रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर इस्रोने एका बंद पेटीत चवळीचे आठ दाणे पाठवले होते, आणि चार दिवसांत त्यांना मोड आले.

आता तुझ्या नायिकेजवळ चंद्रावर तशीच एक पेटी आहे, सूर्य मावळायला एक दिवस उरला आहे, आणि पेटी किती खोल पुरायची हे तिला आजच ठरवायचे आहे. लिहिण्याआधी एका उन्हाच्या दुपारी गॅलरीतल्या कुंडीतल्या मातीवर तळहात ठेव, मग चार बोटे खाली उकरून तिथे ठेव, आणि दोन्ही वेळा जे जाणवेल ते तुझ्या शब्दांत वहीत उतरव. कथेचा पहिला परिच्छेद तिथून लिही. फक्त या वेळी हात जाड हातमोज्यात आहे आणि त्याला काहीच जाणवत नाही.