पेंटर विचारतो, "पॉलिश सिलिकॉनवालं मारता का?" सिलिकॉनने गाडीचा रंग खरंच खराब होतो का?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण तुमच्या पेंटरच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, बहुतेक जरा खवचटपणे. तुम्ही लिहिलंय की मागच्या दाराला रिक्षा घासली, गाडी रंगाला दिली, तेव्हा पेंटर म्हणाला, "सिलिकॉनवालं पॉलिश मारत असाल तर आत्ताच सांगा, मागाहून माझ्या नावाने ओरडू नका." आता तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: सिलिकॉनने रंग बिघडतो का, आणि काही बाटल्यांवर 'बॉडी शॉप सेफ' लिहिलेलं असतं ते काय.

नाशिकला अंबडमध्ये माझी डेंटिंग-पेंटिंगची छोटी शेड आहे, १८ वर्षं हाच धंदा. तुमच्या गाडीवर आज जो कंपनीचा पक्का सुकलेला रंग आहे, त्याचं सिलिकॉन काहीही वाकडं करत नाही. ते रंग खातं, पिवळा पाडतं, हे सगळं ऐकीव. उलट पॉलिश कापडाखाली लोण्यासारखं फिरतं, चमक उठते, पाणी मोत्यासारखं घरंगळतं, यात त्याचा मोठा हात असतो. त्रास होतो तो त्याच्यावर मारायच्या पुढच्या रंगाला.

हे नाशिककराला समजावणं सोपं जातं. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, फवारणीच्या टाकीत सिलिकॉनचं स्प्रेडर कशाला टाकतोस? थेंब पानावर गोळा होऊन बसू नये, पसरावा म्हणून. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा करून ठेवणारी ओढ, मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये साधारण ७२ असतो, सिलिकॉन तेलाचा जेमतेम २०-२१. बागेत कामाला येतो तोच गुण पत्र्यावर आमच्या मुळावर उठतो. पत्र्यावर सिलिकॉनचा डोळ्याला न दिसणारा ठिपका राहिला की तिथला ताण कमी, भोवतालच्या ओल्या रंगाचा जास्त. जास्त ताणाचा रंग आपल्याकडे ओढून घेतो, आणि बघता बघता गोल खड्डा पडतो. तळाशी खालचा प्रायमर, कडेला उचललेली रिंग. आम्ही त्याला फिश आय म्हणतो, माशाचा डोळा. रंग फवारायची गन खाली ठेवायच्या आत एकाचे वीस होतात.

एका दसऱ्याचं सांगतो. पांढऱ्या गाडीचं बॉनेट होतं, पूजेच्या आधी द्यायचं कबूल केलेलं. क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चमकीचा थर, मारला की डोळे. घासलं, पुसलं, पुन्हा मारला, पुन्हा डोळे. आधी कॉम्प्रेसरवर संशय घेतला, कारण त्याचं तेल हवेच्या पाइपातून आलं तरी असंच होतं. फिल्टर उघडला, कोरडा ठणठणीत. थिनरचा डबा बदलला. पोराला ओरडलो की डोक्याला जेल चोपडून रंग मारायच्या बूथमध्ये येतोस. तिसऱ्या दिवशी वैतागून दाराशी चहा घेत उभा होतो, तर शेजारच्या वॉशिंगवर दसऱ्याची रांग. तिथला पोरगा एकेका गाडीच्या डॅशबोर्डवर आणि टायरवर चमकीचा स्प्रे मारतोय, फुस्स, फुस्स. तो स्प्रे म्हणजे सिलिकॉनच. आणि माझा एक्झॉस्ट पंखा नेमका त्याच अंगाची हवा आत खेचत होता! तीन दिवस मी माझ्याच विजेवर ते धुकं बॉनेटवर आणून सोडत होतो. आता त्याच्याशी बोलणं झालंय. टायरला तो स्पंजने लिक्विड लावतो, आणि स्प्रे मारायचाच झाला तर आधी हाक मारतो.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'बॉडी शॉप सेफ' म्हणजे त्या पॉलिशात किंवा कंपाउंडमध्ये (रंग घासून चमकवायची पेस्ट) रंगकामाला नडणारं सिलिकॉन नाही, असं ती कंपनी सांगते. काही कंपन्या पाण्याने निघणारं सिलिकॉन घालूनही हा शिक्का मारतात, म्हणून मी बाटलीच्या पुढच्या बाजूपेक्षा मागचे घटक वाचतो. 'सिलोक्सेन' किंवा 'डायमेथिकोन', म्हणजे सिलिकॉनचीच नावं, दिसलं की ती बाटली शेडच्या बाहेर. पाणी घरंगळतं म्हणजे सिलिकॉन असणारच, असंही नाही. कार्नोबा मेणावरूनही ते तसंच घरंगळतं, आणि ते मेण ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं. ही काळजी शेडची आहे. घरच्या पार्किंगमध्ये तुम्ही काय मारता, त्याने कुणाचं अडत नाही.

आता तुमचं दार. पॅनल घासायच्या आधी पुसायला हवं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. थेट घासायचा सँडपेपर मारला तर सिलिकॉन निघत नाही, पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं. आधी साबणपाणी, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर. एका स्वच्छ कापडाने ओलं करायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोऱ्या कापडाने उचलायचं. नंतर पुट्टी आणि पेपर, आणि रंगाच्या आधी पुन्हा एकदा पुसणं. ज्या बनियनच्या चिंधीने काल डॅशबोर्ड पुसला, तीच थिनरमध्ये बुडवून दारावर फिरवली तर आहे ते सगळीकडे सारवलं जातं.

काही पेंटर रंगात फिश आयचे थेंब टाकतात. ते थेंबही सिलिकॉनचेच, काट्याने काटा काढायचा प्रकार. सगळ्या रंगाचा ताण खाली आला की खड्डे भरून येतात, पण गनमध्ये ते राहतं आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या नशिबी जातं. मी अगदी गळ्याशी आल्याशिवाय टाकत नाही. एखाद-दुसरा डोळा असेल तर गन लांब धरून हलके सुके कोट मारून झाकतो. जास्त असतील तर मुकाट सुकू देऊन पहिल्यापासून.

तुम्ही जाता जाता तब्येतीचंही विचारलंय. पॉलिशातल्या सिलिकॉनने पेंटर आजारी पडत नाही. धोका टू-के रंगाच्या, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगाच्या, हार्डनरमध्ये आहे; हार्डनर म्हणजे रंग कडक करणारा दुसरा भाग. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि रुमाल बांधून ते अडत नाही. माझ्या उमेदीची दहा वर्षं मी रुमालच बांधला, हे कौतुकाने सांगत नाहीये.

तेव्हा पेंटरला खरं सांगा: कुठलं पॉलिश, शेवटचं कधी मारलं, आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला कडक संरक्षक थर) केलंय का. कोटिंग असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ते पुसून जात नाही, घासूनच काढावं लागतं. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी चमकवून नेऊ नका, धुतलेली पुरे. दार घरी आल्यावर किमान महिनाभर, जमल्यास दोन महिने, त्यावर वॅक्स नको, आतलं थिनर उडून जायला वेळ लागतो. तोवर नुसतं पाणी आणि साधा शॅम्पू. बाकीच्या गाडीला हवं ते मारा, फक्त कापड वेगळं ठेवा.